चार मतांचे अकरा मालक

ब्रिटनच्या पंतप्रधानाला खुर्चीवरून खाली कसं उतरवतात, हे हुबळीच्या बाजारात स्टीलची भांडी विकणाऱ्या माणसाला माहीत असण्याचं काही कारण नाही. कुकरची शिट्टी, डब्याचं झाकण आणि गिऱ्हाइकाची घासाघीस एवढं कळलं की माझं भागतं. पण मला माहीत आहे, आणि झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण मी वादिराज गलगली सरांचा विद्यार्थी आहे.

सर धारवाडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. नियमाचं वेड असं की जिथं रांग नसेल तिथं सर एकटेच रांग लावायचे. पेढ्यांच्या दुकानासमोर लोक चहूबाजूंनी हात घालत असताना सर मागं शांतपणे उभे, पुढचा माणूस सरकला की एक पाऊल पुढं. त्यांना पेढे कधी मिळायचे ते देवाला ठाऊक.

वर्गात त्यांचा सगळ्यात आवडता धडा म्हणजे विश्वासाचं मतदान. "पंतप्रधानाला जनता निवडत नाही," सर सांगायचे, "जनता खासदार निवडते. ज्याच्या मागं सभागृहातलं बहुमत, तो पंतप्रधान. बहुमत गेलं की माणूस गेला." मग ते सावकाश फळ्यावर लिहायचे. विरोधी नेता उठतो, ठराव मांडतो, की या सभागृहाचा सरकारवर विश्वास नाही. चर्चा होते, मतदान होतं. मत देणाऱ्यांत एक जास्त विरोधात गेला तरी पुरे. हरलेल्या पंतप्रधानापुढं दोनच वाटा उरतात. राजीनामा देऊन दुसऱ्याला जागा द्यायची, नाहीतर निवडणूक लावून लोकांपुढं जायचं.

"आणि हे लिहिलंय कुठं?" सर विचारायचे.

आम्ही पुस्तकाची पानं उलटायचो.

"कुठंच नाही. रिवाज आहे. लिहिलेलं नसताना पाळतात, म्हणून तर ते मोठे."

आम्हाला समजावं म्हणून सर वर्गाचंच पार्लमेंट करायचे. तिकडं ब्रिटनमध्ये म्हणे हात वर करून मत देत नाहीत, उठून चालत जातात. होय म्हणणारे उजव्या बाजूच्या दालनात, नाही म्हणणारे डाव्या. आमच्या वर्गाला दार एकच होतं. त्यामुळं अविश्वासाच्या ठरावाला 'होय' म्हणणाऱ्यांनी खिडकीतून उडी मारून व्हरांड्यात जायचं, अशी सरांनी सोय केली होती. मुली खिडकीतून उड्या मारायच्या नाहीत, आम्हा मुलांना पॅंट फाटायची भीती. आमच्या वर्गात सरकार कधीच पडलं नाही.

एकोणीसशे एकोणऐंशीची गोष्ट मात्र ते दर वर्षी सांगायचे. तिथलं मजूर पक्षाचं सरकार अडचणीत होतं. एकेक मत महत्त्वाचं. त्यांचा एक खासदार दूर गावी मरणाच्या दारात पडलेला. रुग्णवाहिकेतून आणला असता तर एक मत वाढलं असतं, पण वाटेत तो दगावला असता. पंतप्रधान म्हणाले, नका आणू. आणि तीनशे अकरा विरुद्ध तीनशे दहा, एका मतानं सरकार पडलं. सर चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "खुर्ची गेली, पण माणूस राहिला." आम्ही तेव्हा मागच्या बाकावर कॅंटीनमधल्या मिरची-भज्यांचा विचार करत असायचो.

मी पदवी घेतली आणि वडिलांच्या दुकानात बसलो. आमचं घराणं मिरजेकडचं, तीन पिढ्यांपूर्वी भांडी घेऊन हुबळीला आलेलं. आमच्या इमारतीत खाली आमचं दुकान, वर एक मजला गोदाम, आणि त्याच्यावर, दुसऱ्या मजल्यावर, मराठी मंडळाचा हॉल. सर निवृत्त झाले तसे लोकांनी त्यांना मंडळाचं अध्यक्ष केलं, आणि सरांनी मला चिटणीस केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तू खालीच असतोस." एवढीच माझी पात्रता.

सरांनी अध्यक्ष झाल्या झाल्या मंडळाचे नियम नव्यानं लिहून काढले. तोवर आमचं मंडळ कसं चालायचं? कुणीतरी म्हणायचं, कोजागरी करूया. बाकीचे म्हणायचे, करूया की. झालं. इतिवृत्तात लिहायचं, 'सर्वानुमते मंजूर'. आमच्या मंडळात तोवर कुठलाही ठराव सर्वानुमते सोडून मंजूर झालेला नव्हता. वडीलधाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आमची खरी घटना. घरी जाऊन बायकोपाशी काय बोलायचं ते बोलावं. सरांनी त्यावर सूचना, अनुमोदन, गणपूर्ती, पूर्वसूचना असा सगळा साज चढवला. विषयपत्रिकेवर नसलेला विषय ते चहाच्या वेळीसुद्धा काढू द्यायचे नाहीत. एकदा सभेत पंखा बंद पडला. घामाच्या धारा लागल्या, तरी पंख्याचा विषय आयत्या वेळच्या विषयांत आल्यावरच मला उठून बटण बघता आलं. मला त्या दिवशी सरांचा असा राग आला होता म्हणून सांगू.

तरी लोक सहन करत होते. सर स्वच्छ माणूस, मंडळाच्या चहाचेसुद्धा स्वतः देणारे. भांडण पेटलं ते लिफ्टवरून.

आमचा जिना जुना, उभा, पायऱ्या वीतभर उंच. मंडळाचे सभासद म्हातारे होत चालले. सभेच्या दिवशी माझ्या दुकानासमोर मी दोन स्टुलं मांडून ठेवायचो. लोक आधी तिथं बसून दम साठवायचे, मग चढायचे. विमलअक्का शाळेतून निवृत्त झालेल्या, त्या तर स्टुलावर बसूनच हळदीकुंकू उरकून परत जायच्या. दत्तात्रय अप्पा म्हणून आमचे उपाध्यक्ष आहेत, अमरगोळच्या मार्केट यार्डात त्यांची मिरचीची अडत. ते म्हणाले, लिफ्ट मी बसवून देतो. मंडळाला पैसाही नको. आता यात काय अडायचं?

पण अडलं. पहिल्या वेळी सूचना वेळेत आली नव्हती म्हणून सरांनी ठराव बाद केला. दुसऱ्या वेळी सूचना वेळेत आली, पण गणपूर्ती झाली नाही. का, तर ज्यांना लिफ्ट हवी होती ती मंडळी जिना चढू न शकल्यामुळं खाली माझ्या स्टुलांवर बसून होती. मी वर जाऊन सांगितलं, सर, माणसं खाली आहेत, मोजा. सर म्हणाले, सभागृहाबाहेरची माणसं मोजता येत नाहीत. तिसऱ्या वेळी मसुद्यात काहीतरी चूक निघाली. सर लिफ्टच्या विरुद्ध होते असं नाही हं. ते घाईच्या विरुद्ध होते. पण गुडघ्यांना हा फरक कळत नाही.

अशात दोन हजार बावीसचा जून उजाडला आणि ब्रिटनच्या पंतप्रधानावर त्याच्याच पक्षाच्या खासदारांनी अविश्वास आणला. सरांचा उत्साह काय वर्णावा! मंडळात व्याख्यान ठेवलं. श्रोते मूठभर.

"ही वाट वेगळी," सर सांगू लागले. "सभागृहातलं मतदान उघड असतं. कोण कुठं गेला, नावं छापून येतात. त्यामुळं तिथं माणूस पक्षाची शिस्त पाळतो. पण हुजूर पक्षाच्या घरात दुसरी सोय आहे. ज्याचा नेत्यावर विश्वास नाही, त्या खासदारानं पक्षाच्या एका समितीच्या अध्यक्षाकडं गुपचूप चिठ्ठी द्यायची. चिठ्ठ्या पक्षाच्या खासदारांच्या पंधरा टक्के झाल्या की मतदान. तोवर किती आल्या ते त्या अध्यक्षानं कुणालाही सांगायचं नाही. पंतप्रधानालासुद्धा नाही. आणि मतदान गुप्त. हरला तर नेतेपद गेलं, आणि त्यामागोमाग पंतप्रधानपदही."

"आणि जिंकला तर?" श्रीहर्षनं विचारलं. श्रीहर्ष म्हणजे सरांचाच विद्यार्थी, माझ्यापेक्षा बराच लहान. आता धारवाडला वकिली करतो.

"नियमानं वर्षभर अभय. पण गंमत बघ. हा जिंकलाय दोनशे अकरा विरुद्ध एकशे अठ्ठेचाळीस. आपल्याच घरातली एवढी माणसं विरुद्ध गेली, तर तो टिकेल का? याच्या आधीच्या पंतप्रधान बाई अशाच जिंकल्या होत्या, सहा महिन्यांत त्यांना जायचं जाहीर करावं लागलं. नुसतं जिंकून भागत नाही, बाबा. जिंकलेलं खरं असावं लागतं."

इथं थांबायचं की नाही? पण शिक्षकाला समोर चेहरे दिसले की थांबवत नाही. सर हसून म्हणाले, "आपल्या मंडळाच्या नियमांतही हे कलम आहे बरं का. मीच घातलंय. पंधरा टक्के सभासदांनी चिटणिसाकडं चिठ्ठी दिली, तर अध्यक्षावर विश्वासाचं मतदान घ्यावं लागेल."

मी चिटणीस, पण मला हे ठाऊक नव्हतं. नियमांची पुस्तिका माझ्या गल्ल्याखाली होती, डगमगत्या टेबलाला आधार म्हणून. सरांनी आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही असा कौतुकानं.

जुलैत ब्रिटनच्या पंतप्रधानानं जायचं जाहीर केलं. सरांचा फोन आला, "म्हटलं होतं ना?" आणि त्याच आठवड्यात माझ्या दुकानात चिठ्ठ्या यायला लागल्या.

लोक डबा बघायला यायचे, झाकण लावून बघायचे, आणि हळूच चिठ्ठी सरकवायचे. 'अध्यक्षांवर विश्वास नाही.' खाली सही. काहींनी तर 'आदरणीय सरांविषयी पूर्ण आदर ठेवून' असं लिहून मग विश्वास नाही म्हटलं होतं. मी चिठ्ठ्या एका पुरणाच्या पातेल्यात झाकून ठेवल्या. कुणाच्या आल्या हे मला माहीत, आणि सांगायचं नाही हा सरांचा नियम.

सरांनाही कुणकुण लागली. ते धारवाडातल्या सप्तापूरहून चिगरी, म्हणजे आमची हुबळी-धारवाडची सिटी बस, धरून रोज हुबळीला येऊ लागले. दुकानात यायचे, म्हणायचे, "प्रशांत, मी काही विचारणार नाही. विचारणं नियमाला धरून नाही." आणि स्टुलावर बसून तासभर माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. मी भांडी पुसायचो. पुसलेली पुन्हा पुसायचो. एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, लिफ्टचं एकदा करून टाका की."

"पुढच्या सभेत बघू," सर म्हणाले. "पण तू हे कशाला म्हणालास? मला सांगू नकोस. मी ऐकलंच नाही."

पंधरा टक्के भरले तशी श्रीहर्षनं ठरावाची नोटीस आणली. नेमके सर समोर बसलेले. त्याचा चेहरा पडला, पण सरांनीच हात पुढं केला. नोटीस वाचली, खिशातलं लाल पेन काढलं, आणि चुका दाखवायला सुरुवात केली. "इथं कलमाचा क्रमांक चुकलाय. 'अकार्यक्षम' हा शब्द काढ, कारण द्यायची गरजच नाही. तारीख अशी लिही." वकील होऊन चुकीची नोटीस लिहितोस, म्हणून वर रागावले. दुसरा कुणी असता तर त्याच चुकीवर नोटीस बाद करून मोकळा झाला असता. सरांनी ती दुरुस्त करून त्याच्या हातात दिली. "आता कुणी कोर्टात गेलं तरी टिकेल," म्हणाले. श्रीहर्ष खाली मान घालून गेला. मला दोघांचाही संताप आला, आणि दोघांविषयी मायाही वाटली.

सभेचा रविवार आला. सर नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या आधी वर जाऊन बसले. मी खाली चिठ्ठ्यांचं पातेलं घेऊन निघायच्या बेतात होतो, इतक्यात दारात रिक्षा थांबली आणि कौसल्याकाकू उतरल्या. सरांच्या पत्नी. मंडळाच्या जुन्या सभासद, पण चार वर्षांत त्या हॉलमध्ये आल्या नव्हत्या. सर विचारलं तर सांगायचे, तिला सभांचा कंटाळा. काकू स्टुलावर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि उठल्या. मी हात देऊ केला, तर म्हणाल्या, "नको रे, कठडा आहे." एक पाऊल वर, दुसरं त्याच्याशेजारी, मग थांबायचं. प्रत्येक वळणावर त्या भिंतीला टेकत होत्या. मी मागं उभा राहून बघत होतो. नवऱ्याची खुर्ची वाचवायला बाई हे करते आहे, असं वाटून मला भरून आलं.

वर हॉल भरलेला. माझ्या स्टुलांवरची मंडळीसुद्धा त्या दिवशी कशीबशी चढून आलेली. काकूंना बघून सर एकदम उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. आपल्यावरच्या ठरावाला आपण अध्यक्ष नको, म्हणून त्यांनी खुर्ची दत्तात्रय अप्पांना दिली आणि ते खाली काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

मी उठून सांगितलं की चिठ्ठ्यांचं प्रमाण पुरं झालं आहे. आकडा सांगितला नाही. श्रीहर्षनं कागदावरून नजर न उचलता ठराव मांडला. कुणीच बोलायला उठेना. शेवटी अप्पाच वैतागले.

"काय ते चिठ्ठ्या-बिठ्ठ्या," ते म्हणाले. "आपण काय परके आहोत काय? सरांवर विश्वास आहे त्यांनी हात वर करा की. आयतु, मुगीतु. झालं, संपलं."

आणि हात वर झाले. सगळे. पुढच्या रांगेतले, मागच्या रांगेतले, दारात उभे होते त्यांचे. ज्यांच्या सह्या माझ्या पातेल्यात होत्या त्यांचेही हात वर, आणि तेही कसे, अगदी ताठ! विमलअक्कांनी तर दोन्ही हात वर केले. श्रीहर्षनं ठराव मांडला होता, त्याचाही हात अर्धा वर गेला आणि मग डोकं खाजवून खाली आला. सर निम्म्या हॉलला शिकवून बसलेले. त्यांच्या डोळ्यांत बघून नाही कोण म्हणणार? अप्पा हसले. "लिही प्रशांत, सर्वानुमते."

मी पेन उचललं. देवाची शपथ, मी मनातल्या मनात म्हणत होतो, सर, आता बसून राहा. काही बोलू नका. आज घरी जाऊन पेढे खा.

सर उठले.

"अप्पा, क्षमा करा. नियमात गुप्त मतदान म्हटलंय."

"अहो सर, साकु की, पुरे झालं! सगळे तुमच्या बाजूनं आहेत."

"म्हणूनच," सर म्हणाले. हॉलभर नजर फिरवली त्यांनी. "एवढे हात बघून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, गेले काही दिवस मला झोप नव्हती. वाटत होतं, आपण लोकांना नकोसे झालो. ते तसं नाही हे आज कळलं. मग लपवायचं काय आहे? कागदावर होऊन जाऊ दे. उद्या कुणी म्हणायला नको की सरांनी हात मोजून खुर्ची राखली."

मी टेबलाखालून अप्पांना पाय मारला. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी डोळे मोठे केले. काय समजायचं ते ते समजले. "सर, मी म्हणतो, राहू दे," ते पुन्हा म्हणाले. पण सर हलले नाहीत. त्यांनीच शिकवलं होतं आम्हाला, उघड मतात माणूस काय पाळतो ते. त्यांना स्वतःला मात्र समोरचे हात खरे वाटले. कारण त्यांतले कितीतरी हात त्यांच्या विद्यार्थ्यांचे होते, आणि विद्यार्थ्यानं वर केलेला हात म्हणजे उत्तर येतंय, असं ते आयुष्यभर मानत आले होते. मी एक शब्द बोललो असतो तर ते थांबले असते का? कोण जाणे. तो शब्द बोलायला त्यांनीच मला बंदी केली होती.

कागद वाटले. सरांवर विश्वास आहे का, होय किंवा नाही, एवढंच लिहायचं. लोकांनी हाताचा आडोसा करून लिहिलं. मी मतं मोजणारा, म्हणून मला मत नव्हतं, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. सरांनीही दिलं नाही. ब्रिटनचा पंतप्रधान खुशाल स्वतःला मत देतो, पण सरांना ते शोभेना. विमलअक्का साक्षीदार म्हणून माझ्या शेजारी बसल्या. मी घड्या उलगडत गेलो. नाही. नाही. नाही. होय. नाही. अक्कांनी मधेच तोंडाला पदर लावला. त्यातलं एक 'नाही' त्यांचंच असणार, पण रडू खरं होतं.

निकाल हातात घेऊन मी उभा राहिलो आणि कागदाची पुन्हा घडी घातली.

"मोठ्यानं वाच, प्रशांत," सर म्हणाले. "विश्वास असलेली मतं आधी."

"चार," मी म्हणालो.

"आणि नसलेली?"

"बाकीची सगळी, सर."

सरांनी मान हलवली, एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यासारखी. मग उठले, अप्पांना नमस्कार केला, म्हणाले, "सभा पुढं चालू राहू द्या. लिफ्टचा विषय आज घेता येईल, सूचना वेळेत आलेली आहे." आणि काकूंना म्हणाले, "चल."

आम्ही गेल्यावर लिफ्टचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मी सरांना धारवाडला सोडायला निघालो.

जिन्यात पहिल्या वळणावर एकानं सरांना गाठलं, पायाला हात लावला आणि कानाशी म्हणाला, "सर, त्या चारांत मी आहे बरं का." दुसऱ्या वळणावर आणखी दोघं. गोदामाच्या दारापाशी एक. अप्पा खुर्ची सोडून धावत आले, धापा टाकत म्हणाले, "सर, माझं मत तुम्हालाच." विमलअक्काही डोळे पुसत येऊन तेच सांगून गेल्या. दुकानासमोर तर रांगच लागली. श्रीहर्ष तेवढा आला नाही. तो वर खिडकीत उभा होता. त्याच्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी सुधारलं.

गाडी वाटेतल्या उणकलला पोचेपर्यंत सर गप्प होते. मला वाटलं रडतायत. आरशात बघितलं तर हसत होते.

"मोजलेस का रे, प्रशांत?"

"काय सर?"

"अकरा. चार मतांचे अकरा मालक." सर खळखळून हसले, पण हसणं मधेच तुटलं. रायापूर मागं पडलं तसं ते म्हणाले, "तीन मतांचं कोडं काही सुटायचं नाही. पण एक पक्कं आहे. हिला सभांचा एवढा कंटाळा, तरी आज आली. बाकी सगळं जाऊ दे."

मागच्या सीटवर काकू बाहेर बघत होत्या.

सप्तापूरला घर आलं. मी निघतो म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "चहा घेऊन जा, प्रशांत." मी बसलो. सर आरामखुर्चीत. काकूंनी चहा आणला, कप ठेवले, आणि पलंगाच्या कडेला धरून सावकाश टेकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या चारांत मी नाही."

सरांनी कप उचलला होता. तो तसाच हातात राहिला. मला वाटलं आपण इथं नको होतो.

"तू नाही म्हणून दिलंस?"

"हो."

"आणि त्यासाठी तू एवढी..." सर थांबले. "अगं, पण मग घरी सांगायचं होतंस. मी काय ऐकलं नसतं?"

"सांगितलं होतं. वर चढवत नाही म्हटलं, लिफ्टचं बघा म्हटलं. तुम्ही पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. म्हणालात, मंडळाचा विषय घरात नको, लेखी दे." काकूंच्या आवाजात राग नव्हता. भाजी महागली म्हणून सांगावं तशा त्या सांगत होत्या. "आज लेखी दिलं."

बाहेर रस्त्यावर भाड्याच्या खोल्यांत राहणारी कॉलेजची पोरं हसत-खिदळत चालली होती. मला सरांची फार दया आली. आणि सांगतो, काकूंचं कौतुकही वाटलं. हुबळीपासून धारवाडपर्यंत त्या दिवशी सरांशी खरं बोललेलं माणूस हे एकच.

सरांनी कप खाली ठेवला. खुर्ची ओढून पलंगाजवळ नेली आणि काकूंच्या समोर बसले.

"कुठला गुडघा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दोन्ही," काकू म्हणाल्या.